बिचारी : शाळेच्या बागेत विज्ञान कसं करावं

शाळेत बाग करायची म्हटलं की चुना मारलेल्या तिरक्या विटांचा काठ, आत झेंडू, मधोमध तुळस आणि 'फुले तोडू नयेत' ही पाटी, एवढं ठरलेलं असतं. तपासणीला कोणी आलं की अशी बाग शोभते. पण मुलांनी तिथं हातच लावायचा नाही म्हटल्यावर ती शिकणार काय? आमच्याकडे पाटी नाही. तोडा, उपटा, चिरून बघा, फक्त आधी वहीत लिहा.

मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळ एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. पट ३८. शाळा अकरा ते साडेपाच. बाग म्हणजे मागच्या आवारातला एक वाफा, डिस्टेंपरचे प्लास्टिकचे १४ रिकामे डबे, एक जुनं लिंबाचं झाड आणि एक नळ, ज्याला पाणी कधी येणार ते त्या नळालाच ठाऊक. माळी नाही. आहेत त्या मावशी, आणि त्यांना आमची बाग म्हणजे घाण वाटते. जमीन अजिबात नसेल तर वाफा सोडून द्या. डबे आणि गच्चीचा कोपरा पुरतो.

काहीही एकटं लावायचं नाही

बागेतला आमचा नियम हा एवढाच. जे काही लावायचं ते जोडीनं. दोन डबे घ्यायचे, दोन्हींत माती सारखी, बी सारखं, लावायचा दिवस एक, पाणीही मापून तेवढंच. फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा. एकाला ऊन, दुसऱ्याला अंधार. एकाला खत, दुसऱ्याला नाही. काही वर्षांपूर्वी जिन्याखालच्या अंधारात ठेवलेल्या डब्याकडे बघून एक मुलगी कळवळून "बिचारी!" म्हणाली, आणि तेव्हापासून जोडीतल्या अशा डब्याचं नाव बिचारी. डबा पुल्लिंगी आहे हे मी व्याकरणाच्या तासाला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

सुरुवात वालानं करा, कडव्या वालानं. शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. पुण्यातल्या बऱ्याच घरांत आई किंवा आजी डाळिंब्या सोलताना मुलांनी पाहिलेली असते, त्यामुळे मोड, साल आणि आतली दोन दलं त्यांना परकी नसतात. शिवाय बी मोठं, हाताळायला सोपं. मोहरीचं बी ३८ मुलांच्या हातात दिलं तर निम्मं फरशीवर जातं.

वाल रात्रभर भिजत घाला. लिटरभराच्या पाण्याच्या बाटल्या अर्ध्यावर कापा, खालचा भाग घ्या, तळाला पाच भोकं पाडा. खिळा चिमट्यात धरून गॅसवर तापवला की भोक लोण्यात पडावं तसं पडतं. हे काम मोठ्या माणसानं घरी करून आणायचं. बाटली पाऊणभर माती, प्रत्येकीत चार दाणे, खोली बोटाच्या एका पेराएवढी. बाटलीवर कागदाची पट्टी: तारीख, गटाचं नाव, आणि दोघींत फरक काय तो. एक बाटली खिडकीत, दुसरी बंद खोक्यात. पाणी रोज एक बुचभर किंवा दोन बुचं, पण दोघींना तेवढंच.

लावायच्या आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या. याला फाटा देऊ नका. अंदाज लिहिलेला नसला की नंतर सगळेच "मला माहीतच होतं" म्हणतात. आमच्याकडे दरवर्षी तीस-बत्तीस मुलं लिहितात की अंधारातली उगवणारच नाही.

ती उगवते. नुसती उगवत नाही, खिडकीतलीपेक्षा उंच होते. दहाव्या-बाराव्या दिवशी खोकं उघडलं की आत लांबच लांब, पिवळट पांढरी, वर इवलीशी पानं धरलेली रोपं उभी असतात, आणि वर्ग ओरडतो, "बाई, बिचारी जिंकली!" इथं तोंडाला कुलूप लावायचं. मला पहिल्या वर्षी हे जमलं नाही, मी तिथल्या तिथं फळ्यावर सगळं समजावलं आणि मुलांनी माना डोलावल्या. आता मी खोकं बंद करते आणि म्हणते, पुढच्या सोमवारी बघू. पुढच्या सोमवारी बिचारी आडवी झालेली असते. मग दोन्ही रोपं उपटायची आणि दलं बघायची. लावताना टपोरी असलेली डाळिंबी आता दोघींकडे सुरकुतलेली असते. हा बियानं सोबत दिलेला डबा. तो संपेपर्यंत उजेडाशिवाय चालतं, म्हणूनच ती उजेड शोधत धावत सुटली. डबा संपल्यावर स्वयंपाक करायला हिरवं पान लागतं, आणि ते फक्त एकीकडेच आहे. शब्द मुलांचेच येऊ द्या. "ती उपाशी पळत होती," असं एकानं लिहिलं होतं. माझ्या फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा मला ते आवडलं.

मोजण्याची युक्ती: पट्टी नको, दोरा घ्या. रोपाशेजारी दोरा धरायचा, उंचीएवढा कापायचा, वहीत तारखेवर उभा चिकटवायचा. दर दोन दिवसांनी एक दोरा. तीन आठवड्यांत पानभर दोऱ्यांचा जिना तयार होतो, हिरवा दोरा खिडकीतल्या रोपाचा, लाल बिचारीचा, खोकं उघडू तेव्हाचा. स्तंभालेख गणितात येतो तेव्हा मला फक्त "तुमचे दोरे काढा" एवढंच म्हणावं लागतं.

आणि बिचारीवर लक्ष ठेवा, कारण तिच्यावर दया करणारे असतात. एका वर्षी आम्ही एका जोडीतल्या डब्याला पाणीच द्यायचं नाही असं ठरवलं. आठवडा झाला, दहा दिवस झाले, बिचारी टवटवीत. मी मातीला दोष दिला, हवेला दोष दिला. अखेर मावशी म्हणाल्या, "अहो बाई, तो दुसऱ्या बाकावरचा रोज डबा खाल्ल्यावर आपल्या बाटलीतलं पाणी तिला घालतो की." मी त्याला रागावले नाही. वर्गाला विचारलं, आता आपल्या नोंदींचं काय करायचं? अर्धा तास भांडण झालं. शेवटी सगळ्या नोंदींवर काट न मारता खाली लिहिलं: 'या डब्याला चोरून पाणी मिळाले.' मोठमोठ्या प्रयोगशाळांमध्येही याहून वेगळं काय करतात?

माती : तीन बाटल्या आणि माझी फजिती

आवारातली माती खणलीत की बहुतेक वीतभर खाली राडारोडा लागेल. विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, प्लास्टर. आम्हालाही लागला. पालकांपैकी एकाचा टेंपो होता. त्यांनी जवळच्या एका इमारतीच्या पायातली काळी माती आणून टाकली, फुकट. काळीभोर, मऊ माती बघून मला वाटलं, आता सोनं पिकणार. जुलैत मेथी पेरली. पाऊस लागला, वाफ्यात तळं साचलं, आठ दिवसांत मेथी कुजली. ऑक्टोबरात त्याच वाफ्याला अशा भेगा पडल्या की पट्टी आत जायची. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, कळलं मात्र मेथी मेल्यावर.

म्हणून आता काही पेरायच्या आधी तीन बाटल्या. एकीत काळी माती, दुसरीत टेकडीच्या पायथ्याचा तांबडा मुरूम, तिसरीत शाडू. शाडू गणपतीच्या आधी कुठल्याही मूर्ती-कार्यशाळेच्या निमित्तानं वर्गात येतोच, त्यातला मूठभर बाजूला काढा. प्रत्येक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, बूच घट्ट, आणि मिनिटभर हलवायचं. हलवायला वर्गातली सर्वांत दंगेखोर मुलं निवडा, ती हे काम जीव लावून करतात. मग बाटल्या टेबलावर ठेवून कोणी हात लावायचा नाही.

मुरुमातली जाडी वाळू मिनिटभरात खाली बसते. काळ्या मातीत तळाशी थोडी वाळू, वर बारीक पोयटा, त्यावर गढूळ पाणी, आणि तरंगणारा काडीकचरा. शाडूची बाटली दुसऱ्या दिवशीही दुधासारखी. कण जितका बारीक तितका तो बसायला वेळ लावतो, हे सांगावंही लागत नाही. इथं पुन्हा एक जोडी करा: शाडूच्या गढूळ पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवायचा, दुसरी बिचारी. तासाभरात फरक दिसतो. बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात.

यानंतर मुलांना विचारा, मेथीचं मूळ कुठल्या बाटलीत राहायला जाईल? आमच्या मुलांनी ठरवलेलं मिश्रण असं: दोन घमेली मुरुमाची लाल माती, एक घमेलं काळी, एक घमेलं कुजलेलं खत. ते आम्ही अजून बदललेलं नाही. काळी पाणी धरते, मुरूम सोडतो, दोघांची सोयरीक चांगली जमते.

भिंतीची सावली

ही गोष्ट बहुतेक बागांच्या माहितीत नसते आणि नेमकी हीच आम्हाला दोन वर्षं नडली. आमच्या मागच्या आवाराची दक्षिणेकडची भिंत दोन मीटर उंच आहे. वाफा आम्ही तिच्याच पायथ्याशी केला होता, कारण तिथं कोणाच्या पायाखाली यायचा नाही. ऑगस्टमध्ये दुपारी तिथं छान ऊन असायचं. दिवाळीनंतर मेथी लावली तर ती लांबुळकी, फिकट, मान टाकलेली. खोक्यातली बिचारी बघितलेली मुलं लगेच म्हणाली, "बाई, हिला अंधार आहे."

काठी लावून बघितलं. तुम्हीही बघा. वाळू भरलेल्या बादलीत एक मीटर काठी उभी रोवायची. ती खरंच उभी आहे ना, हे बघायला ओळंबा. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, त्यांनी तो आणून कसा धरायचा ते वर्गाला शिकवलं, आणि त्या दिवशी त्या मुलाची कॉलर दिवसभर ताठ होती. ओळंबा नसेल तर दोऱ्याला दगड बांधा. बारा वाजून दहा मिनिटांपासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची. सावली सर्वांत लहान कधी होते?

सगळे म्हणतील बाराला. होते साडेबाराच्या आसपास. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. पुणे तिथून साडेआठ अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य आपल्या डोक्यावर सुमारे ३५ मिनिटं उशिरा येतो. महिन्यागणिक त्यात थोडी मिनिटं इकडेतिकडे होतात, फेब्रुवारीच्या अखेरीला पावणेएक वाजतो. चौथीला एवढा हिशोब नको. "घड्याळ मिर्झापूरचं, सूर्य पुण्याचा" एवढं त्यांना पुरतं आणि फार आवडतं.

आता सावलीची लांबी. मीटरभर काठीची दुपारची सावली आमच्याकडे २२-२३ सप्टेंबरला साधारण ३३ सेंटिमीटर भरते, २२ डिसेंबरला ९०, आणि २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, ५० च्या आसपास. काठी सोडून भिंत धरा. दोन मीटर भिंतीची डिसेंबरातली सावली जवळजवळ १ मीटर ८० सेंटिमीटर, उत्तरेकडे पडणारी. आमचा वाफा भिंतीपासून सव्वा मीटरपर्यंत. म्हणजे डिसेंबरात दुपारीसुद्धा सगळा वाफा सावलीत! ऑगस्टमध्ये हीच सावली वीतभर होती, म्हणून आम्ही फसलो. मुलांनी दोरी धरून दोन मीटरवर रेघ मारली आणि वाफा रेघेच्या पलीकडे हलवला. ज्यांची भिंत उत्तरेला आहे त्यांनी खुशाल पायथ्याशी लावावं.

सावली पूर्ण नाहीशी होण्याचा दिवस पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास येतो, पण तेव्हा सुट्टी असते. दुसरा जुलैच्या अखेरीस, तेव्हा ढग. मी मेचा दिवस सुट्टीचा अभ्यास म्हणून देते: ताटात वाटी पालथी घाला, तिच्यावर काडेपेटी उभी करा, काय दिसतं ते लिहा. पाच-सहा जण तरी करून आणतात.

पावसाचं माप

पर्जन्यमापक सरळ उभ्या भिंतीच्या भांड्याचाच हवा. आमचं पहिलं माप म्हणजे प्लास्टिकची बादली होती, आणि आमच्या शाळेत पेपरात छापून येई त्याच्या दीडपट पाऊस पडायचा. बादली खाली निमुळती असते. रुंद तोंडातून आलेलं पाणी अरुंद तळात उंच चढतं. शिवाय ती गुलमोहराखाली होती. आता दोन लिटरची शीतपेयाची बाटली, मान कापून उलटी आत बसवलेली, म्हणजे नरसाळं तयार होतं. तळाच्या खळग्यांपर्यंत आधीच पाणी भरून तिथं शून्याची खूण. उघड्यावर, विटांच्या आधारानं.

हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. आमची शाळा अकराला भरते, म्हणून आमचा दिवस अकरा ते अकरा. सोमवारी दोन दिवसांचा एकत्र, तसं वहीत लिहायचं. पेपरात शिवाजीनगर, पाषाण, लोहगावचे आकडे वेगवेगळे येतात, ते कापून शेजारी चिकटवा. एकाच शहरात एवढा फरक कसा, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. सहल काढता आली तर हवामान खात्याचं शिवाजीनगरचं सिमला ऑफिस बाहेरून तरी दाखवा. १९२८ सालची ती दगडी इमारत आणि 'आपण मोजतो तेच इथं मोजतात' हे वाक्य, दोन्ही लक्षात राहतात.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ही एक ओळ गणिताचे चार तास चालवते. आमच्या वर्गाचं छप्पर ५० चौरस मीटर धरलं तर २० मिलिमीटरच्या सरीत १,००० लिटर पाणी गटारात गेलं. नळाच्या भरवशावर बाग करणाऱ्या मुलांना हे फार लागतं.

डब्यांखालच्या ताटल्या मात्र आठवड्याला ओतून कोरड्या करा. डासांची अळी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. एकदा अळ्या सापडल्याच तर ओतायच्या आधी बरणीत घेऊन वर घट्ट कापड बांधा आणि वर्गात ठेवा. आठवड्याचा कोरडा दिवस का पाळायचा ते घरी जाऊन मुलंच सांगतात.

लिंबावरची विष्ठा

ऑगस्ट ते ऑक्टोबर लिंबाच्या झाडाकडे रोज जा. लिंबू नसेल तर कढीपत्ता. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर, गोल अंडं एकटं चिकटलेलं असतं. ते दिसलं नाही तर पानावर पक्ष्याची विष्ठा शोधा. काळसर तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, ओलसर चमक. काडीनं हलकेच टोचा. विष्ठा हलली तर ती अळी आहे.

ही तिची चलाखी. पक्षी आपलीच घाण कशाला खाईल? मोठी झाली की हा वेष टाकून ती हिरवीगार होते, आणि आता टोचलं तर डोक्यामागून नारिंगी, सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि आंबट उग्र वास सोडते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा सगळा गट किंचाळून मागे पडला, आणि मीही. वास घ्यायला मग रांग लागली. टोचायचं एकदाच, एका मुलानं. ३८ जणांनी टोचलं तर ती मरेल.

पाळायची तर अशी: पान तोडून पानासकट उचला, अळीला बोटानं धरू नका. मोठ्या बरणीत लिंबाची डहाळी, डहाळीचा देठ छोट्या पाण्याच्या बाटलीत, आणि बाटलीचं तोंड कापसानं बंद. कापूस विसरलात तर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. वर जुन्या मलमलीचं कापड. रोज ताजी पानं, रोज लेंड्या काढून टाकायच्या. लेंड्या मोजायला लावा, खाणं किती वाढलं ते कळतं. साधारण दोन आठवड्यांनी ती खाणं सोडते, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून डहाळीला टेकते आणि कोष होतो. पुढे दहाएक दिवसांत, बहुधा सकाळी, फुलपाखरू. पंख आधी चुरगळलेले असतात, तास-दोन तास सुकवायला त्याला लटकायला जागा लागते. तोपर्यंत झाकण उघडून कोणी 'मदत' करायची नाही.

कधी कधी कोषातून फुलपाखरू येतच नाही, बारीक माश्या किंवा गांधीलमाशीसारखे कीटक निघतात. त्यांच्या आयांनी अळीच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात. त्या दिवशी एक मुलगी रडली होती. मी काही सारवासारव केली नाही. जे दिसलं ते वहीत काढा म्हटलं, आणि तिनं त्या माश्यांचं चित्र सर्वांत नीट काढलं.

मावशींचं म्हणणं, "झाड खाऊन टाकलं की, औषध मारू का?" मी त्यांना महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू दाखवलं. ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, २०१५ मध्ये तो मान मिळाला. त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. "मावशी, हे फवारलंत तर ते कुठून येणार?" त्यांनी फवारा ठेवून दिला, पण कडीपत्त्याच्या झाडाशी तडजोड नाही. ते स्वयंपाकाचं आहे.

पटकन होणारं

तेरडा ऑगस्टमध्ये टेकडीवर भरपूर. मुळासकट एक रोप आणा, मुळं धुऊन लाल शाईच्या पाण्यात ठेवा. त्याचा देठ पारदर्शक असतो, तासाभरात लाल रेघा चढताना दिसतात. सोबत एक पानं काढलेला तेरडा, बिचारी. तिच्यात रेघ रेंगाळते. पाणी वर ओढणारं पानच आहे, हे कळायला आणखी काय हवं?

जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरगळा. त्या पाण्यात लिंबू पिळलं की गुलाबी लाल, खायचा सोडा टाकला की हिरवट. हळदीच्या कागदावर साबणाचं बोट लावलं की लाल. याला वीस मिनिटं पुरतात आणि मुलांच्या गणवेशाला दोन धुणी.

रुई आणि कण्हेर शाळेत लावू नका, कोणी कितीही फुलपाखरांचं सांगो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर महाग पडतं, कण्हेर तर विषारीच. पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं ढवळायचं. बागेतून आलं की साबणानं हात, मगच डबा.

दिवाळीची सुट्टी

सर्वांत जास्त बागा दिवाळीत मरतात. शेजारच्या कोणाला तरी सांगून ठेवण्यावर विश्वास ठेवू नका. पायजम्याची सुती नाडी घ्या, एक टोक पाण्यानं भरलेल्या बादलीत तळापर्यंत, दुसरं डब्याच्या मातीत चार बोटं पुरलेलं. बादली विटांवर, डब्यांपेक्षा उंच. नाडी आधी भिजवून घ्यायची, कोरडी नाडी सुरुवातच करत नाही. एका बादलीभोवती सहा डबे बसतात. सुट्टीआधी आठवडाभर चालवून बघा: रोज पाण्याच्या पातळीवर खूण करा, म्हणजे बादली किती दिवस पुरेल हा भागाकार मुलंच करतील. आमच्या जोडीत एकीकडे सुती नाडी आणि दुसरीकडे नायलॉनची सुतळी होती. सुट्टीनंतर कोण जिवंत होतं हे सांगायला नको.

परत आल्यावर मेथी, पालक, मुळा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात खुडायला तयार. पेरल्यावर दोन दिवस वर जुनी ओढणी अंथरा, नाहीतर कबुतरं तुमच्या आधी खुडतील. बियाणं मंडईच्या आसपास मिळतं, रोपं आणि सल्ला कृषी महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन असतं, तिथं मुलांना 'हे बी कसं धरतं?' एवढा एकच प्रश्न देऊन सोडते. खेळण्यांतून विज्ञान करायचं असेल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचं काम बघाच. अरविंद गुप्तांनी काडेपेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून जे उभं केलंय, त्यापुढे आमचे डबे म्हणजे श्रीमंती.

आमच्या मेथीची एकदा पोषण आहाराच्या खिचडीत भर पडते. ३८ मुलांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला चार पानं येतात आणि सगळे शपथेवर सांगतात की खिचडी वेगळी लागली.

मुळे सगळे उपटू नका. खतातला एक आणि बिनखताचा एक, दोन ठेवा. ते फुलतात, पांढरी जांभळट फुलं, मग शेंगा, ज्यांना घरी डिंगऱ्या म्हणतात आणि ज्यांची भाजी होते हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नसतं. काही शेंगा भाजीला, बाकीच्या झाडावरच वाळू द्या, मार्चअखेर काढा. बिया चोळून कागदी पाकिटात, दोन मुळ्यांच्या वेगवेगळ्या, वर तारीख. पाकिटं येणाऱ्या चौथीसाठी माझ्या कपाटात राहतात. जूनमध्ये पहिलं काम तेच: प्रत्येक पाकिटातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस ठेवायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं. सातांच्या खाली आल्या तर ताजं बियाणं आणा. गेल्या जूनमध्ये खतातल्या मुळ्याच्या आठ उगवल्या, बिचारीच्या नऊ.